टॅरो पत्त्यांचे चित्रपरीक्षण

टॅरो म्हणजे भाकितासाठी वापरले जाणारे चित्रांचे पत्ते. त्यांच्या नव्या कॅटमधली चित्रे पारखण्याची ही रीत. पान समोर पडले की चित्र काय सांगते, कोणत्या खुणांनी सांगते आणि पाहणाऱ्याला त्या खुणा कळतात का, हे तपासणे म्हणजे चित्रपरीक्षण. पत्त्यांनी सांगितलेले भाकीत खरे ठरते की नाही हा निराळा प्रश्न आहे. भाकितावर काडीचा विश्वास नसलेला माणूसही ही चित्रे नीट पारखू शकतो. प्रस्तुत नोंदीत ही पारख ग्रामीण विदर्भाच्या नजरेतून केली आहे. आज बाजारात येणारे बहुतेक कॅट १९०९ साली लंडनमध्ये ठरलेल्या चित्रखुणांवर उभे आहेत. त्या खुणा कपाशीच्या वऱ्हाडात आणि धानाच्या झाडीपट्टीत जशाच्या तशा लागू पडत नाहीत, आणि चांगला चित्रकार कोण हे नेमके तिथेच कळते.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पाने असतात. त्यांतली ५६ लहान पाने, आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या नात्यातली. पेले, काठ्या, तलवारी आणि नाणी असे चार रंग. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि वर हुजऱ्या, घोडेस्वार, राणी, राजा अशी चार दरबारी पाने. उरलेली २२ मोठी पाने: मूर्ख, जादूगार, संन्यासी, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य वगैरे. पारावर हुकूम बोलून डाव खेळणाऱ्याला या २२ पानांचे मूळ लगेच उमजेल, कारण त्यांचे पहिले काम हुकमाचेच होते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा निव्वळ खेळ होता. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेली त्या काळची पाने आजही जपून ठेवलेली आहेत. हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ आहे असा दावा अँत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने १७८१ साली केला. त्याला आधार नव्हता, पण पुढचा सगळा गूढपणा तिथून चिकटला.

चित्रांच्या दृष्टीने खरे वळण डिसेंबर १९०९ चे. गूढविद्येचे लेखक आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ (१८७८–१९५१) यांनी काढलेला कॅट लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने तेव्हा काढला. त्याआधी मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या पानांवर सात नाणी म्हणजे केवळ सात वर्तुळे असत, आपल्या चौकटच्या सत्तीसारखी. स्मिथ यांनी प्रत्येक लहान पानावर माणसे उभी केली, त्यांना कामाला लावले, रडवले, पळवले. अशी लहान पाने रंगवण्याची एक जुनी वाट इटलीच्या पंधराव्या शतकातल्या सोला-बुस्का कॅटमध्ये होती. त्याची छायाचित्रे १९०७ साली ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती, आणि तीन तलवारींनी भोसकलेल्या काळजाचे चित्र तर दोन्हीकडे सारखेच दिसते. इंग्रज गूढविद्यावादी अ‍ॅलिस्टर क्रोली यांच्या मांडणीवरून फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवलेल्या थॉथ कॅटची वाट निराळी, भूमितीची. तिचा विचार इथे केलेला नाही.

स्मिथ नाटकाच्या दुनियेत वावरलेल्या होत्या, आणि ते त्यांच्या चित्रांत सरळ दिसते. कित्येक लहान पानांवर माणसाच्या पायांमागे एक आडवी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे रंगमंचाची फळी, पलीकडे रंगवलेला पडदा: डोंगर, नदी, दूरचा वाडा. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग रात्रभर पाहणाऱ्या झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला ही रचना शिकवावी लागत नाही. धान घरात आले की दिवाळीनंतर गावोगाव मंडप पडतात. पडद्यावर राजवाडा असला की पुढचा माणूस राजा, जंगल असले की वनवास, आणि पडदा बदलला की नशीब बदलले, हे त्याला पाठ असते. म्हणून नव्या कॅटची पहिली परीक्षा ही: माणूस आणि पडदा एकमेकांशी बोलतात का? आजच्या पुष्कळ कॅटमध्ये संगणकावर केलेली धुक्याची, तारकांची सुरेख पार्श्वभूमी सगळ्या पानांवर एकच असते. पाहायला गोड, पण तो पडदा काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट, मोठी २२ पाने बाजूला ठेवून पारख करावी. मृत्यू, सैतान, चंद्र ही पाने कुणालाही झोकात रंगवता येतात, जाहिरातीतही तीच दाखवतात. कस लागतो तो चार काठ्या, सहा पेले, आठ नाणी अशा पानांवर. तिथे नाट्य आयते मिळत नाही, ते रोजच्या जगण्यातून काढावे लागते. शिवाय मोजून पाहावे. दहा तलवारींच्या पानावर दहाच तलवारी हव्यात. यंत्राकडून चित्रे करून घेतलेल्या कॅटमध्ये नऊ किंवा अकरा निघतात, हाताला सहावे बोट फुटते. अंकावर चालणाऱ्या कॅटमध्ये अंकच चुकला तर पुढे पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

सात नाण्यांचे पान जवळून पाहण्यासारखे आहे. स्मिथ यांच्या चित्रात एक तरुण शेतकरी अवजाराच्या दांड्यावर हात टेकून, हनुवटी हातावर ठेवून उभा आहे. शेजारी दाट पानांचे झुडूप. झुडपाला सहा नाणी लागलेली, सातवे त्याच्या पायाशी जमिनीवर. चेहऱ्यावर आनंद नाही, दुःखही नाही. तो नुसता पाहतो आहे. आजच्या कॅटसोबतच्या पुस्तिका या पानाचा अर्थ बहुधा सबुरी आणि केलेल्या कष्टांचा हिशेब असा लावतात. वर्धा जिल्ह्यातल्या एका ओसरीवर हे पान पुस्तिकेविना समोर ठेवले तेव्हा म्हातारे कास्तकार चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “पऱ्हाटीले बोंडं त लागले, पन येक गयालं ना बाप्पा.” नाणे त्यांना दिसलेच नाही, बोंड दिसले. आणि नजर झुडपावरच्या सहांवर न जाता खाली पडलेल्या एकावर गेली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये काढलेले चित्र इथल्या वावरात असे उभे राहते, याचे कारण स्मिथ यांनी उभे राहण्याची ढब अचूक पकडली आहे. दहा काठ्यांचे पानही तसेच. भारा कवटाळून, तोंड त्यात खुपसून, वाकून घराकडे निघालेला माणूस. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन धुऱ्याने आलेल्या कुणालाही ती पाठ ओळखू येते.

पण जिथे चित्र ढबीवर न विसंबता हवामानावर विसंबते, तिथे गाडी अडते. सूर्याचे पान स्मिथ यांच्या कॅटमधले सर्वांत आनंदी. पांढऱ्या घोड्यावर उघडे बाळ, हाती लाल निशाण, भिंतीवरून डोकावणारी चार सूर्यफुले आणि वर मोठा चेहऱ्याचा सूर्य. महिनोन् महिने ढगांखाली राहणाऱ्या इंग्लंडात हे सुखाचे चित्र आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी बैलसुद्धा सावलीतून उठत नाही. तिथे डोक्यावरचा एवढा मोठा सूर्य आणि खाली उघडे लेकरू पाहून पहिली भावना काळजीची येते. याच्या उलट तीन तलवारींचे पान. काळजात तीन पाती, मागे करडे ढग आणि तिरपा पाऊस. लंडनमध्ये पाऊस दुःखाला साथ देतो. मृग कोरडा गेल्यावर आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या घरात तोच पाऊस दुःख पुसतो. पाच नाण्यांच्या पानावर दोन फाटके भिकारी बर्फातून चालले आहेत, वर देवळाची उजळलेली खिडकी. बर्फ इथे कुणी पाहिलेले नाही. पण हरभरा सोंगायला आला असताना पडलेली गार, किंवा तापलेल्या डांबरी रस्त्यावरचे अनवाणी पाय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काळ्या रंगाचेही असेच. तिकडे तो भयाचा, इथे काळी म्हणजे घर चालवणारी जमीन.

स्वतःला भारतीय म्हणवणारा कॅट या जागी तपासावा. वेटच्या राजाला फेटा बांधला, राणीला नऊवारी नेसवली आणि आभाळ लंडनचेच ठेवले, तर ते वेषांतर झाले, चित्र झाले नाही. ज्याने सूर्याच्या पानाचा आनंद उचलून पहिल्या सरीला दिला, त्याने खरा विचार केला असे समजावे. नाण्यांचा घोडेस्वार हे आणखी एक अवघड पान. स्मिथ यांच्या चित्रात तो जाड, काळ्या घोड्यावर नांगरलेल्या शेतापुढे स्तब्ध उभा आहे. चारही स्वारांत घोडा जागचा न हलणारा हाच एक. आपल्याकडे शेत बैल ओढतो, आणि बैलावर कुणी स्वार होत नाही. मग स्वाराला बंडीच्या धुरीवर बसवावे, की डवऱ्यामागे, म्हणजे बैलाच्या कोळप्यामागे, चालता दाखवावे? चालता दाखवला तर ‘स्वार’ हा दर्जा जातो, पण कष्टाचा भाव वाढतो. नोंदकर्त्याला दुसरा मार्ग अधिक खरा वाटतो.

एका पानाबद्दल मात्र तडजोड नसावी. उलटे टांगलेल्या माणसाचे पान. एक पाय दोरीने बांधलेला, डोके खाली, चेहरा शांत, डोक्याभोवती प्रभा. अर्थ थांबणे, गोष्ट उलट बाजूने पाहणे. इटलीत हे चित्र मूळचे गद्दाराच्या शिक्षेचे. मराठीत त्याला काही जण ‘फासावरचा माणूस’ म्हणतात. ते चूक आहे, आणि इथे ते क्रूरही आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांना विशेष पॅकेज दिले ते अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा. त्या गावांतल्या किती घरांत आढ्याकडे पाहवत नाही, हे तिथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. अशा घरात हे पान पडले तर पहिल्या नजरेत बांधलेला पाय दिसला पाहिजे, दोर मानेजवळून जाता कामा नये, आणि पानाखालचे नाव ‘उलटा टांगलेला’ असेच हवे. नव्या कॅटमध्ये चित्रकार जेव्हा या पानाला ‘भेदक’ करायला जातो, चेहरा वेदनेने पिळवटतो, तेव्हा तो अर्थही बिघडवतो आणि समोरच्या माणसालाही दुखावतो.

खुणांतून चित्र वाचण्याची सवय विदर्भात टॅरोने आणलेली नाही. जिवतीचा छापील कागद घराघरांत लागतो: नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. चार चौकटी, प्रत्येकीत एक रक्षण. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा प्रकारची धान्ये. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर घागर. शिवाय पापड, करंजी, विड्याचे पान आणि सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा हलला, पान जागेवर आहे का, यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादी सांगतात. अंदाज खरे उतरतात का यावर दरवर्षी वाद होतो, पण मांडणीतली एक गोष्ट चित्रकाराने घ्यावी अशी आहे: तिथली प्रत्येक खूण वावरातली किंवा चुलीपुढची आहे, आणि ती समजायला पुस्तिका लागत नाही. जुन्यात जायचे तर वाशीम, म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या हरिषेणाच्या काळात घडलेल्या अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे, म्हणजे बौद्धांच्या जन्ममरणाच्या चाकाचे, मोठे चित्र आहे, बरेचसे झडलेले. दैवचक्राचे पान काढणाऱ्याला इटलीचे चाक उसने आणण्याआधी ते पाहता येईल.

मराठी मातीतला कॅट म्हटला की वारलीच्या त्रिकोणी आकृत्या येतात, हा आळस आहे. वारली चित्रे पालघरकडची. विदर्भाला ती लंडनइतकीच परगावची. गोंड म्हणून ओळखली जाणारी ठिपक्या-रेघांची शैलीही मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यापासून पसरली. दोन्ही सुंदर आहेत, पण गडचिरोलीच्या नावाने त्या खपवू नयेत. पोळ्याच्या बैलाचे रंगवलेले शिंग, बेगड, झूल, पाठीवर उठवलेले गेरूचे ठसे, तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी बैल: एवढ्यातूनच एका रंगाची चौदा पाने उभी राहतील.

कागद आणि छपाईचे थोडक्यात. पान साधारण ७० बाय १२० मिलिमीटरचे असते, लहान हाताला पिसायला मोठेच. चकचकीत लेप असला की बल्बखाली चित्रावर उजेडाचा ठिपका पडतो, म्हणून मंद लेप बरा. पातळ कागद उन्हाळ्यात वळतो, पावसाळ्यात फुगतो. पाठीची नक्षी उलट-सुलट सारखी हवी, नाहीतर पान उलटे येणार हे पाठीवरूनच कळते. मांडी घालून बसल्यावर सतरंजीवरचे पान हातभर लांब असते. तेवढ्या अंतरावरून हावभाव दिसला नाही तर बारीक काम वाया गेले.

शेवटी खोक्यावर चित्रकाराचे नाव आहे का ते पाहावे. १९०९ चा कॅट कित्येक दशके रायडर-वेट या नावानेच विकला गेला. रंगवणाऱ्या बाईंचे नाव त्यात नव्हते. कामाचा मोबदला फारच थोडा मिळाल्याचे त्यांनी स्वतः पत्रात लिहिले आहे. त्यांचे अखेरचे दिवस कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी हलाखीत गेले आणि मूळ चित्रेही हरवली. अलीकडे रायडर-वेट-स्मिथ असे म्हणू लागले आहेत. स्मिथ यांनी मात्र सही सोडली नव्हती. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, गवतात किंवा दगडात मिसळलेली, वेलीसारखी वळवलेली तीन अक्षरे भिंग धरले की सापडतात.