चार अणूंची जाडी

कोबाल्टच्या दोन थरांमध्ये रुथेनियमचा एक थर घातला आणि त्याची जाडी अणूंच्या चार ओळींइतकी ठेवली, तर वरच्या आणि खालच्या कोबाल्टचं चुंबकत्व एकमेकांच्या विरुद्ध दिशांना वळतं. रुथेनियमच्या आणखी तीनेक ओळी वाढवल्या की दोघांच्या दिशा जुळतात. जाडी वाढवत नेली की पुन्हा विरोध, मग पुन्हा जुळणी. रुथेनियम स्वतः चुंबकीय नाही, पण त्याच्यातले इलेक्ट्रॉन एका थराची खबर दुसऱ्यापर्यंत पोहोचवतात. त्या खबरीचा अर्थ मात्र मधल्या अंतरावर ठरतो. पदार्थ तोच ठेवून केवळ जाडी बदलल्यावर गुणधर्म उलटावा, याचं मला आजही नवल वाटतं.

ही लय १९९० मध्ये दाखवली स्टुअर्ट पार्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पार्किन मूळचे इंग्लंडचे. केंब्रिजला पीएच.डी. केल्यावर काही काळ ते फ्रान्समध्ये ओर्से इथे सेंद्रिय अतिवाहकांवर (अतिशीत झाल्यावर विद्युत रोध नाहीसा होणाऱ्या कार्बनी पदार्थांवर) काम करत होते. १९८२ मध्ये ते कॅलिफोर्नियात आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. चुंबकीय थरांकडे ते नंतर वळले, आणि त्याला निमित्त झालं १९८८ चा एक शोध.

त्या वर्षी फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांच्या गटांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, लोह आणि क्रोमियमच्या थरांत एक विलक्षण गोष्ट आढळली. चुंबकीय क्षेत्र लावताच थरांचा विद्युत रोध घसरत होता. फेर यांच्या नमुन्यात तर अतिशीत तापमानाला तो जवळपास निम्म्यावर आला. इलेक्ट्रॉनला विद्युतभाराबरोबर स्पिनही असतो, म्हणजे इवल्या चुंबकासारखा एक अंगभूत गुण, ज्याच्या दोनच दिशा असतात. थराचं चुंबकत्व त्याच्या स्पिनशी जुळलं तर तो सहज पार होतो, उलट असलं तर ठेचकाळतो. सगळ्या थरांची दिशा एकच असेल तर निदान एका प्रकारच्या इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी मिळते. शेजारचे थर विरुद्ध दिशांचे असतील, तर दोन्ही प्रकारच्या इलेक्ट्रॉनांना कुठे ना कुठे अडखळावं लागतं. या परिणामाला जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स म्हणतात. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल फेर आणि ग्रुनबर्ग यांना त्यासाठीच मिळालं.

त्यांचे नमुने अतिउच्च निर्वातात, स्फटिकाची रचना बिनचूक राखत, सावकाश वाढवलेले होते. पार्किन यांनी धरली स्पटरिंगची वाट. निर्वात पेटीत थोडा आर्गॉन वायू सोडायचा आणि विद्युत दाब द्यायचा. जांभळट प्रकाश पसरतो, आर्गॉनचे आयन धातूच्या चकतीवर आदळतात, तिथले अणू उडतात आणि समोरच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर बसतात. झडप किती सेकंद उघडी ठेवली यावर थराची जाडी ठरते. असे थर तितके सुबक नसतात, पण भराभर तयार होतात. काटेकोर स्फटिकांशिवाय हा परिणाम दिसेल का, हीच तेव्हा शंका होती. तो दिसला, आणि सामान्य तापमानालाही दिसला.

या वेगामुळेच पार्किन यांना पुढचा प्रश्न विचारता आला. मधली जाडी थोडी थोडी बदलत, धातूमागून धातू घेत त्यांनी नमुन्यांच्या रांगा लावल्या. आवर्तसारणीतल्या बहुतेक संक्रमण धातूंमध्ये तीच लय सापडली, साधारण १ नॅनोमीटरच्या आवर्तनाची. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं काम हेच. हाती दोनचार उत्तम नमुनेच असते, तर ही लय निसटली असती.

त्याचा उपयोगही झाला. आयबीएममध्येच स्पिन व्हॉल्व्ह विकसित झाला. त्यात एका थराचं चुंबकत्व खिळवून ठेवलेलं असतं आणि दुसऱ्याचं अगदी क्षीण क्षेत्रानेही वळतं. हार्ड डिस्कवरचे बारीक चुंबकीय ठसे वाचायला असाच संवेदक हवा होता. १९९७ मध्ये असं वाचनाग्र, म्हणजे डिस्कवरची माहिती वाचणारं टोक, असलेली १६.८ जीबीची डिस्क जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत साठवणक्षमता झपाट्याने वाढली. २००४ मध्ये पार्किन यांच्या गटाने, आणि त्याच सुमारास जपानमधल्या एका गटाने, दोन चुंबकीय थरांमध्ये धातूऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइडचा पातळ पडदा घालून याहून कितीतरी मोठा परिणाम मिळवला. आजची वाचनाग्रं आणि चुंबकीय रॅम (चुंबकत्वाच्या रूपात माहिती साठवणाऱ्या स्मृती-चिप) त्यावर चालतात. २०१४ मध्ये पार्किन यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते जर्मनीत हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेत गेले.

तिथेही रुथेनियम सुटलेलं नाही. रेसट्रॅक मेमरी या त्यांच्या कल्पनेत चुंबकीय तारेतले विरुद्ध दिशांचे पट्टे विद्युत प्रवाहाने पुढे ढकलायचे असतात, म्हणजे डिस्क फिरवावी लागत नाही. या पट्ट्यांमधल्या सीमांचा वेग सुरुवातीला तोकडा पडत होता. मग एकाऐवजी दोन चुंबकीय थर घेतले आणि मध्ये रुथेनियमचा पातळ थर घालून त्यांची चुंबकत्वं परस्परविरुद्ध ठेवली. २०१५ मध्ये अशा तारेत सीमा सेकंदाला ७५० मीटर वेगाने धावल्या.