येऊरचा चढ, येऊरचा उतार आणि पाचशे रुपयांची जर्सी

ठाण्यात उपवनकडून येऊरच्या फाटकातून आत शिरलं की रस्ता चढू लागतो. बेताची तयारी असलेला सायकलस्वार इथे पेडलवर साधारण १५० वॉट ताकद लावत असतो. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोचते आणि उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. म्हणजे १५० वॉटच्या कामापायी अंगात ५०० वॉटच्या आसपास उष्णता तयार होत राहते. ती त्याच वेगाने बाहेर पडली नाही, तर शरीर तापत जातं. मग चढ संपतो, सायकल वळते आणि उताराला लागते. पाय थांबतात, उष्णता शंभर-सव्वाशे वॉटवर उतरते. वेग मात्र ताशी ८ किलोमीटरवरून ४० वर गेलेला असतो आणि समोरून येणारा वारा अंगातली उष्णता अडीचएक पट जोराने ओढून नेऊ लागतो.

आभाळात तसूभरही फरक पडलेला नाही, तरी त्या माणसापुरती हवा पार पालटली. ठाण्यात कपड्यांच्या थरांचा विचार करायचा तो या पालटासाठी. कडाक्याची थंडी आपल्याकडे पडत नाही. म्हणूनच युरोपातल्या सायकलस्वारांना दिले जाणारे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि त्या सल्ल्यांसोबत येणाऱ्या महागड्या वस्तूही फारशा कामाच्या ठरत नाहीत. आपली गाठ आहे ती पाण्याशी: आतून येणाऱ्या घामाशी आणि वरून पडणाऱ्या पावसाशी.

एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ५०० वॉट उष्णता तासभर केवळ घामावाटे घालवायची म्हटली, तर पाऊण लिटर घाम वाळायला हवा. वाळायला हवा, गळून उपयोग नाही. हनुवटीवरून टपकलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा मात्र जवळजवळ काहीच देत नाही.

घाम किती भराभर वाळेल हे त्वचेलगतची वाफ आणि बाहेरच्या हवेतली वाफ यांच्यातल्या फरकावर ठरतं. ३५ अंश सेल्सिअसच्या ओल्या त्वचेला चिकटून असलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते. जानेवारीच्या पहाटे हवा १७ अंशांवर आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर बाहेर ११ ग्रॅम वाफ असते. फरक २९ ग्रॅमचा. जुलैत २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना बाहेर २३ ग्रॅम वाफ असते आणि फरक उरतो १७ ग्रॅमचा. आता मे महिना घ्या: ३३ अंश, ६५ टक्के. हिशेब केला की पुन्हा २३ ग्रॅमच येतात! रखरखीत उन्हात घाम लवकर वाळत असेल असं वाटतं, पण खाडीकाठच्या आपल्या गावात मे आणि जुलै या बाबतीत सख्खे भाऊ आहेत. मे उलट जास्त त्रासाचा, कारण हवाच जवळपास त्वचेइतकी तापलेली असल्यामुळे नुसत्या वाऱ्याने अंगातली उष्णता फारशी निघत नाही. सगळी भिस्त वाळण्यावर, आणि तेच मंद. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर सकाळी नऊनंतर दम का लागतो, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

हवेतली वाफ आपण कमी करू शकत नाही. आपल्या हातात असतं ते एवढंच, की घाम एका जागी साचू न देता मोठ्या पृष्ठभागावर पातळ पसरवायचा आणि त्यावरून वारा खेळता ठेवायचा. जर्सीचं मुख्य काम हेच.

सुती टी-शर्ट इथे का हरतो? कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूवरचे हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसता ठेवला तरी कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा शोषून बसतो. नायलॉन ४ टक्के, पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. घामाने भिजल्यावर कापसाचे तंतू आतून फुगतात, विणीतल्या फटी बुजतात, कापड जड होऊन पाठीला चिकटतं आणि वारा अडतो. घरात, ऑफिसात सुतासारखं सुख नाही हे खरंच. पण तासाला पाऊण लिटर घामाचा हिशेब त्याला पेलत नाही.

पॉलिएस्टर आपल्याला नवं नाही. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिन्फील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी ते तयार केलं, टेरिलीन नावाने ते जगभर गेलं आणि आपल्या आधीच्या पिढीने टेरिलीन-टेरिकॉटचे शर्ट हौसेने शिवून घेतले. त्या शर्टांत उकडायचं. आजच्या जर्सीतलं रसायन तेच आहे, बदलली ती वीण. घट्ट विणलेल्या कापडाऐवजी आता बारीक, पुष्कळ तंतूंचा धागा सैल जाळीत गुंफतात. तंतूंमधल्या केसासारख्या फटींतून पाणी आपोआप ओढलं जातं, समईच्या वातीतून तेल चढावं तसं. याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद, तितकी ही ओढ जास्त. तंतू स्वतः पाणी पीत नाही, म्हणून घाम त्याच्या अंगावरून सरकत बाहेरच्या बाजूला येतो आणि पसरतो.

मात्र यात एक अडचण असते आणि स्वस्त जर्सी घेताना ती नीट समजून घ्यायला हवी. पॉलिएस्टरच्या पृष्ठभागाला पाणी मुळात फारसं आवडत नाही, त्यामुळे ओढ सुरू व्हायला थोडी मदत लागते. चांगल्या कापडात तंतूलाच लांबीभर पन्हाळी असतात, त्या कायम टिकतात. स्वस्त कापडावर पाण्याशी सलगी करणारं रासायनिक लेपन दिलेलं असतं आणि धुण्यागणिक ते उतरत जातं. ‘ड्राय-फिट’ हा शब्द दोन्हींवर छापलेला असतो! तेव्हा शब्दाऐवजी थेंबावर विश्वास ठेवा. जर्सी एकदा धुऊन वाळवा, आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत तो पसरून डाग मोठा झाला, तर वीण कामाची. मण्यासारखा उभा राहिला, तर घामही तुमच्या पाठीवर तसाच उभा राहणार. दहा-बारा धुण्यांनंतर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. माझ्या मते पाचशे ते सातशे रुपयांतली, या परीक्षेत उतरलेली जर्सी ठाण्याच्या हवेला पुरेशी आहे. उरलेले पैसे बैठकीला गादी शिवलेल्या शॉर्ट्सवर आणि दिव्यांवर खर्च करावेत, तिथे मात्र काटकसर नको.

दुकानात आणखी दोन गोष्टी पाहता येतात. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. फुंकर आरपार गेली पाहिजे. आणि छपाईवरून हात फिरवा. सबलिमेशन छपाईत साधारण २०० अंशांना रंगाची वाफ होऊन ती तंतूंच्या आत शिरते, त्यामुळे कापड मोकळंच राहतं आणि बोटांना काही लागत नाही. रबरासारखी जाड छपाई असेल, तर तेवढ्या भागातून ना घाम जातो ना वारा. वर्षा मॅरेथॉनमध्ये मिळालेले टी-शर्ट पुष्कळ ठाणेकरांच्या कपाटात पडून आहेत. पाठभर रबरी छपाई नसेल, तर सायकलवर ते खुशाल घालावेत. सैल असतात, वाऱ्याने फडफडतात, वेग थोडा खातात. पण रोजच्या फेरीला काही बिघडत नाही.

जर्सीच्या आत सुती सँडो बनियन घालण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. घाम आधी बनियनमध्ये मुरतो, जर्सीपर्यंत पोचतच नाही, आणि उतारावर तेच ओलं बनियन छातीला गार पाडतं.

आता थर. स्थिर हवा उष्णता फार कमी वाहून नेते. पाणी तिच्यापेक्षा वीसहून जास्त पटींनी नेतं. म्हणून कोरड्या कपड्यांत अडकलेली हवा ऊब देते आणि ओले कपडे ती घालवतात. जानेवारीत येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर जाताना दोन जाड कपडे घालून निघालात, तर चढावर ते घामाने भिजणार आणि उतारावर, जेव्हा त्यांची गरज, तेव्हा ओले असणार. त्यापेक्षा सुरुवातीला थोडं गारठून निघावं, पाच-दहा मिनिटांत अंग तापतंच. पूर्ण लांबीची चेन असलेली जर्सी घ्यावी: चढावर उघडायची, उतारावर गळ्यापर्यंत ओढायची. पाठीवरच्या खिशात मुठीएवढी घडी होणारा, बिनबाह्यांचा पातळ नायलॉनचा विंडचीटर ठेवावा आणि वर पोचल्यावरच घालावा. त्याने फक्त समोरचा वारा अडवायचा असतो, म्हणून महागाचा नको. जुन्या काळी आल्प्सचे घाट उतरताना शर्यतीतले सायकलपटू जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवत. टपरीवरच्या कालच्या पेपरने आजही ते काम होतं. हातांना सुट्या बाह्या चढवाव्यात. दुचाकीवाल्यांसाठी रस्तोरस्ती विकायला असतात त्याच. पहाटे त्या वारा अडवतात, ऊन चढल्यावर त्वचेला अतिनील किरणांपासून वाचवतात आणि चालत्या सायकलवर मनगटापर्यंत खाली सारता येतात.

पावसाचा हिशेब वेगळा. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेलं टेफ्लॉन झटक्यात ताणलं आणि त्यातून महागड्या पावसाळी जॅकेटांत वापरतात तो सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला: पावसाचा थेंब आत येऊ शकत नाही, घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. पण वाफ बाहेर ढकलतो तो पुन्हा तोच फरक. आठ अंशांच्या युरोपीय पावसात हवा पूर्ण संपृक्त असली तरी तिच्यात दर घनमीटरला जेमतेम ८ ग्रॅम वाफ असते, त्यामुळे आतला घाम जोराने बाहेर जातो. घोडबंदर रोडवर जुलैत बाहेरच २३ ग्रॅम वाफ असते. पडदा उत्तम असला तरी त्याला ढकलायला कोणी नाही, आणि हजारो रुपयांच्या जॅकेटच्या आत माणूस स्वतःच्या घामाने भिजतो. सांताक्रूझला एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडेही तो कमी नाही. तेव्हा कोरडं राहण्याचा हट्ट सोडून लवकर निथळणारी पातळ जर्सी घालावी, खुशाल भिजावं आणि एक सुका टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन जावा. थांबल्याबरोबर तो बदलायचा, कारण थंडी वाजते ती चहाला थांबल्यावर.

पावसाळ्यात रंगाला ऊबेपेक्षा जास्त महत्त्व आहे. फ्लोरोसंट पिवळा किंवा नारिंगी रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ दिवसाउजेडी तो उठून दिसतो. पहाटे पाचला रस्त्यावरच्या दिव्यांखाली अतिनील किरण जवळजवळ नसतात, आणि तोच रंग साधा पिवळट होतो. अंधारात कामाला येते ती परावर्ती पट्टी, जी गाडीच्या दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. अशी एक पट्टी घोट्याला बांधावी. पेडलबरोबर ती वरखाली होते आणि ट्रकचालकाला समोर सायकल आहे हे लगेच उमगतं.

राहिला वास. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी जागच्या सायकलवर घाम गाळलेल्या २६ जणांचे टी-शर्ट तपासले आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पॉलिएस्टरला सुतापेक्षा जास्त दुर्गंधी येत होती आणि मायक्रोकोकस जातीचे जीवाणू जवळपास फक्त कृत्रिम धाग्यांवरच वाढलेले दिसले. म्हणून जर्सी घरी आल्या आल्या, उलटी करून, साध्या पाण्यात बुचकळून काढावी. संध्याकाळपर्यंत बॅगेत ठेवू नये. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य तिला लावूच नये, कारण त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम ओढणाऱ्या फटी निकामी होतात. पिळून पंख्याखाली टाकली, तर भर श्रावणातही ती दुसऱ्या सकाळी घालण्याजोगी होते.