जॅक्सनकालीन लोकशाही

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साधारण १८२४ ते १८४० या काळात राजकारण मोजक्या प्रतिष्ठित घराण्यांच्या हातून निसटले आणि गोऱ्या पुरुषांच्या मोठ्या मतदारवर्गाकडे गेले. सातवा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन (१७६७–१८४५) याच्या नावाने हा काळ ओळखला जातो. मताधिकार पसरत असतानाच उत्तर, दक्षिण आणि पश्चिम या प्रदेशांतली तेढही वाढत गेली.

मत कोणाला द्यायचे हे घटकराज्ये ठरवत, आणि सुरुवातीला बहुतेक ठिकाणी मालमत्तेची अट होती. इंडियाना (१८१६), इलिनॉय (१८१८) आणि अलाबामा (१८१९) ही नवी राज्ये ती अट न घालताच संघात आली. जुन्या राज्यांनाही मग ती टिकवणे जड जाऊ लागले. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांसाठी ती जवळजवळ काढून टाकली, पण कृष्णवर्णीयांना २५० डॉलरच्या मालमत्तेशिवाय मत नाही, असेही त्याच वेळी ठरवले. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये त्यांचे मतच काढून घेतले. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रियांना मत होते, ते १८०७ मध्येच गेले होते. या काळात ज्याचा उदोउदो झाला तो सामान्य माणूस गोरा आणि पुरुष होता.

१८२४ च्या निवडणुकीत चार उमेदवार उभे होते. जॅक्सनला निर्वाचकांची (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या प्रतिनिधींची) ९९ मते मिळाली, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला ८४. बहुमतासाठी १३१ लागत असल्याने निर्णय संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तेथे सभापती हेन्री क्लेच्या पाठिंब्यावर अ‍ॅडम्स निवडून आला. पुढे क्लेला परराष्ट्रमंत्रिपद मिळाले. सौदा खरोखर झाला होता की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी ‘भ्रष्ट सौदा’ ही आरोळी जॅक्सनच्या माणसांनी चार वर्षे सोडली नाही. मार्टिन व्हॅन ब्युरेनसारख्या संघटकांनी गावोगावी समित्या उभारल्या, वर्तमानपत्रे हाताशी धरली, मिरवणुका काढल्या. १८२४ मध्ये सुमारे २७ टक्के पात्र मतदारांनी मत दिले होते. १८२८ मध्ये ते प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांवर गेले आणि जॅक्सन सहज जिंकला. ४ मार्च १८२९ रोजी शपथविधीनंतर व्हाइट हाउसमध्ये इतकी गर्दी घुसली की काचसामान फुटले, नव्या अध्यक्षाला बाहेर काढावे लागले आणि लोकांना पांगवण्यासाठी पेयांची पिंपे हिरवळीवर नेऊन ठेवावी लागली.

खरा पेच जकातीवरून पडला. उत्तरेतल्या गिरण्यांना संरक्षण म्हणून १८२८ मध्ये आयात मालावर जबर जकात बसली. दक्षिणेतले मळेवाले कापूस इंग्लंडला विकत आणि तयार माल विकत घेत. दोन्हीकडून आपणच भरडले जातो, असे त्यांना वाटे. उपाध्यक्ष जॉन सी. कॅलहून याने निनावी लेखातून सिद्धांत मांडला की संघाचा कायदा घटनाबाह्य वाटल्यास राज्याने आपल्या हद्दीत तो रद्दबातल ठरवावा. १८३० च्या एका खाजगी पत्रात मात्र त्याने कबूल केले की जकात हे निमित्त आहे, मूळ कारण नव्हे. मूळ कारण होते गुलामगिरी. त्याच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते, आणि आज जकातीवर चालणारी संघाची सत्ता उद्या तिथवर पोहोचेल ही धास्ती होती.

१३ एप्रिल १८३० रोजी वॉशिंग्टनमध्ये माजी अध्यक्ष थॉमस जेफर्सनच्या जयंतीनिमित्त मेजवानी होती. जॅक्सनने पेला उंचावून म्हटले, ‘आपला संघ टिकलाच पाहिजे.’ त्यापाठोपाठ कॅलहूनने उत्तर दिले, ‘संघ आम्हांला अत्यंत प्रिय, पण स्वातंत्र्यानंतर.’ अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांचे फाटल्याचे सगळ्या मेजवानीने पाहिले.

२४ नोव्हेंबर १८३२ रोजी राज्याची राजधानी कोलंबिया येथील अधिवेशनात दक्षिण कॅरोलिनाने १८२८ आणि १८३२ चे जकात कायदे रद्दबातल जाहीर केले. जॅक्सनने १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात, शस्त्रबळाने संघ मोडणे हा राजद्रोह आहे, असे बजावले. कॅलहून उपाध्यक्षपद सोडून सेनेटमध्ये गेला. तोड काढली क्लेनेच: मार्च १८३३ मध्ये जकात टप्प्याटप्प्याने उतरवणारा कायदा आणि सैन्य वापरण्याचा अधिकार देणारा कायदा, असे दोन्ही एकदमच मंजूर झाले. दक्षिण कॅरोलिनाने आपला ठराव मागे घेतला, आणि लगेच सैन्याचा कायदाही रद्दबातल ठरवून टाकला.

संघाच्या अधिकाराबाबत इतका कडक असलेला जॅक्सन जॉर्जियाच्या बाबतीत मात्र गप्प राहिला. चेरोकी या तिथल्या आदिवासी लोकांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये दिलेला निकाल त्या राज्याने धुडकावला, आणि अध्यक्षाने बोटही उचलले नाही. आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा १८३० चा कायदा त्याचाच होता. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ मतांनी, म्हणजे जेमतेम, मंजूर झाला होता. १८३८–३९ च्या सक्तीच्या स्थलांतरात सुमारे ४,००० चेरोकी मेल्याचे मानले जाते. त्यांची जमीन कापूस पिकवणाऱ्यांना हवी होती, आणि ते मतदार होते.

बहुमताच्या जुलमाविरुद्ध उभे राहिल्याचा दावा करणाऱ्या दक्षिण कॅरोलिनात अध्यक्षाचे निर्वाचक १८६० पर्यंत विधिमंडळच निवडत असे. १८३२ नंतर असे ते एकटेच राज्य उरले होते. तेथील मतदारांनी अध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत दिले ते यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, आणि त्यांत नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले पुरुषही होते.