झुल्यावरचा रंगारी आणि रोप ॲक्सेस टेक्निशियन: खालून दिसतात सारखेच

पावसाळा ओसरला की मुंबई, ठाणे, पुण्यातल्या इमारतींवर माणसं लटकलेली दिसू लागतात. भेगा भरायच्या असतात, वॉटरप्रूफिंग करायचं असतं, ड्रेनेजचे पाइप बदलायचे असतात, मग रंग. कुणी दोराला टांगलेल्या फळीवर, म्हणजे झुल्यावर बसलेला, बाजूला रंगाचा डबा टांगलेला. कुणी अंगभर पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये बसलेला, कमरेभोवती कड्या आणि क्लॅम्प लोंबताहेत, तो रोप ॲक्सेस टेक्निशियन. रस्त्यावरून मान वर करून पाहणाऱ्याला दोघे सारखेच. सोसायटीच्या कमिटीपुढे येणाऱ्या कोटेशनांवरही दोन्ही कामांना ‘रोप वर्क’च म्हटलेलं असतं, फक्त आकडे वेगळे. मग कुणीतरी विचारतंच, दोरालाच टांगायचं तर इतके जास्त पैसे कशाचे?

धाडस कुणाचं मोठं, हा मुद्दा नाही. कदाचित झुलेवाल्याचंच मोठं असेल. पाहायचं ते एवढंच: आत्ता वापरात असलेल्या वस्तूंपैकी कुठलीही एक तुटली, सुटली किंवा घसरली, तर हा माणूस कशावर अडेल?

झुल्याची रचना साधी आहे. दीड-दोन फुटांची फळी, तिच्या दोन्ही टोकांचे दोर वर एका शॅकलला, म्हणजे लोखंडी कडीला, एकत्र केलेले, आणि तिथून गच्चीवर गेलेला मुख्य दोर. उतरायच्या दोन तऱ्हा. एकीत गच्चीवरचा जोडीदार खांबाभोवती वेढे घेऊन दोराला ढील देत राहतो. दुसरीत वेढे शॅकलमध्येच घेतलेले असतात आणि बसणारा स्वतः दोर सरकवत खाली येतो. दोन्हीकडे ब्रेक म्हणजे माणसाचा हात. हात सैल पडला किंवा एक वेढा कमी घेतला, तर घसरण थांबवायला दुसरं काही नाही. दोर बाजारात ‘नायलॉन’ म्हणून घेतलेला असला तरी बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलिनचा असतो. ओळखायचं सोपं आहे: तुकडा बादलीत टाका, नायलॉन बुडतं, पॉलिप्रोपिलिन तरंगतं. हा दोर स्वस्त आणि हलका खरा, पण उन्हाने ठिसूळ होत जातो. हातात चोळल्यावर भुसा पडू लागला, तर तो माणसासाठी संपलेला दोर आहे, बादली ओढायला हवा तर ठेवा.

रोप ॲक्सेसमध्ये एका माणसामागे दोन दोर असतात, आणि दोन्ही स्वतंत्र अँकरवर, म्हणजे वरच्या वेगवेगळ्या आधारांना बांधलेले. एक वर्किंग लाइन, जिच्यावर तो बसतो, उतरतो, चढतो. दुसरी सेफ्टी लाइन, जिच्यावर एरवी वजन नसतंच. ब्रिटनच्या 2005 सालच्या उंचीवरील कामाच्या नियमांत हीच अट लिहिलेली आहे आणि आयएसओ 22846 हे आंतरराष्ट्रीय मानकही याच पायावर उभं आहे. दोर ईएन 1891 या युरोपीय मानकातल्या टाइप ए जातीचे, सहसा 10.5 किंवा 11 मिलीमीटरचे. आत ताण घेणारा गाभा, बाहेर घर्षण सोसणारं विणलेलं आवरण. अशा दोराने किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास, भार घ्यावा लागतो. गाठ मारली की दोर कमजोर होतो, म्हणून गाठीसकटची चाचणी 15 किलोन्यूटनची असते. त्याची लांबी 50 किलोवरून 150 किलो भारापर्यंत जाताना 5 टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. गिर्यारोहणाचा ताणला जाणारा डायनॅमिक दोर इथे मुख्य दोर म्हणून चालत नाही, माणूस स्प्रिंगवर बसल्यासारखा हलत राहील. तो लागतो फक्त हार्नेसला जोडलेल्या छोट्या काउज टेलसाठी.

वर्किंग लाइनवर डिसेंडर, म्हणजे दोरावरून उतरायचं उपकरण असतं. पेट्झलचा आय-डी हा बऱ्याच साइटवर दिसणारा. हँडल सोडलं की तो थांबतो, आणि घाबरून हँडल पार खेचलं तरीही थांबतो. घाबरलेला माणूस हातातली वस्तू सोडत नाही, आवळतो, हे ओळखून केलेली रचना आहे ती. त्याच कंपनीच्या रिगमध्ये ही घबराट-सोय नाही, म्हणून तो मुरलेल्या हातांसाठी. सेफ्टी लाइनवर असाप किंवा तसं दुसरं बॅकअप उपकरण. माणूस सावकाश खाली-वर झाला की त्याचं चाक फिरत सोबत येतं, अचानक वेग आला की चाक अडकून दोर पकडतं. ते हाताने सरकवावं लागत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे.

कारण आता बरेच ठेकेदार झुलेवाल्यालाही दुसरा दोर देतात. फोटोत ते रोप ॲक्सेससारखंच दिसतं. पण त्या दोरावर हाताने सरकवायचा रोप ग्रॅब, म्हणजे दोर पकडणारा क्लॅम्प असतो. उतरताना तो दर दोन फुटांवर अडतो, कामाचा खोळंबा होतो, मग माणूस तो कमरेच्या खूप खाली नेऊन ठेवतो किंवा सरळ काढून फळीला लटकवतो. दीड मीटरचा लॅनयार्ड (माणसाला ग्रॅबशी जोडणारी दोरी) आणि ग्रॅब कमरेखाली लॅनयार्डभर: फळी सुटली तर तीन मीटर मोकळं पडून मग झटका. दोर शाबूत राहिला तरी माणूस राहीलच असं नाही. दुसरी नेहमीची गोची म्हणजे दोन्ही दोर एकाच पाइपाला बांधणं. दोर दोन, आधार एक. पाइप उखडला की दोन्ही एकदम आले.

अँकरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथली चूक खालून कुणालाच दिसत नाही. आयराटा ही या व्यवसायाची ब्रिटनमध्ये सुरू झालेली संघटना अँकरसाठी 15 किलोन्यूटनचा आकडा धरते. तो हवेतून आलेला नाही. पडलेल्या माणसाच्या अंगावर 6 किलोन्यूटनहून जास्त झटका बसता कामा नये, त्याला अडीचची सुरक्षा गुणली की 15. आता आपल्याकडची गच्ची पाहा. कठडा साडेचार इंची विटांचा, बाहेरून प्लास्टरने जाड दिसणारा. पाण्याच्या टाकीचे पाइप, डिश अँटेनाचा खांब, सोलरचं स्टँड. यातलं एकही चालणार नाही. चालतात ते लिफ्टच्या मशीन रूमचे आरसीसी कॉलम, टाकीखालचे बीम, त्यांच्याभोवती वायर स्लिंग घेऊन. एक्स्पान्शन बोल्ट ठोकायचा तर तो प्लास्टरच्या आरपार काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. बाहेरच्या प्लास्टरचा थर इंचभर सहज असतो, आणि त्यातच बसलेला बोल्ट ओढून पाहिल्यावर घट्ट वाटतो, भार आला की पापुद्र्यासकट निघतो.

दोन कॉलमना मिळून दोर वाय आकारात बांधतात तेव्हा मधला कोन बघावा. 90 अंशाला प्रत्येक अँकरवर भाराच्या 71 टक्के येतात. 120 अंशाला दोन्हीकडे पूर्ण भार, म्हणजे वाटून घेण्याचा फायदाच संपला. त्यापुढे तर दोन अँकर एकापेक्षा वाईट.

दोर तुटण्यापेक्षा कापला जाण्याची शक्यता अधिक. कठड्याची कोर, छज्ज्याची कड, ॲल्युमिनियमच्या खिडकीची पट्टी. माणूस बाजूला हात लांबवून काम करतो तेव्हा वरचा दोर कडेवर करवतीसारखा मागे-पुढे होतो. झुल्याच्या दोराखाली फार तर गोणपाट असतं, आणि ते दुपारपर्यंत सरकलेलं असतं. रोप ॲक्सेसमध्ये कॅनव्हासचा प्रोटेक्टर स्वतःच्या दोरीने बांधून ठेवतात, किंवा कडेखाली दुसरा अँकर घेऊन दोर कडेला लागणारच नाही असा वळवतात. दोराच्या खालच्या टोकाला गाठ असते, तिच्यापुढे फूटभर शेपूट. दोर जमिनीपर्यंत पोचलेला नाही हे उतरताना कळून उपयोग नसतो.

काच आणि टाइल्स धुणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. डाग काढायला ॲसिड वापरतात. नायलॉनच्या दोराला ॲसिड चालत नाही, आणि बिघाड डोळ्यांना दिसेलच असं नाही. ॲसिड लागल्याचा नुसता संशय आला तरी तो दोर बाद. चांगली टीम दोराचा नंबर, तयार झाल्याची तारीख आणि तपासणी नोंदवून ठेवते: रोज वापरण्याआधी हाताने पूर्ण दोर चाचपणं, आणि दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून सविस्तर तपासणी.

‘सेफ्टी बेल्ट’ या शब्दाने तर फार घोळ घातला आहे. साइटवर कमरेच्या पट्ट्यालाही बेल्ट म्हणतात आणि फुल बॉडी हार्नेसलाही. कमरेचा पट्टा माणसाला जागेवर टेकवून धरायला ठीक. पडणारा माणूस त्यात अडकला तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, किंवा माणूस उलटा होऊन त्यातून निसटतो. अंगभर हार्नेसमध्ये तो मांड्या, कंबर, खांद्यांवर वाटला जातो. कोटेशनमध्ये ‘बेल्ट’ लिहिलं असेल तर कुठला ते विचाराच.

आता माणसांकडे. झुलेवाला शिकतो तो मुकादमाच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या हाताखाली. त्याला पुट्टी, प्रायमर, ओलावा आलेली भिंत यांची जाण असते, आणि ती खरी जाण आहे. रोप ॲक्सेस टेक्निशियनचं शिक्षण मोजलेलं असतं. आयराटाच्या लेव्हल 1 साठी वय किमान 18, चार दिवस प्रशिक्षण, पाचव्या दिवशी बाहेरच्या परीक्षकाकडून परीक्षा. लेव्हल 2 ला जायला किमान 12 महिने आणि दोरावरचे 1000 तास, लॉगबुकात सहीनिशी. लेव्हल 3 ला त्यापुढे आणखी 12 महिने, 1000 तास आणि प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. सहा महिने दोरावर काम केलं नसेल तर रिफ्रेशर. लेव्हल 1 ने एकट्याने काम करायचं नसतं. टीम किमान दोघांची, आणि साइटवर लेव्हल 3 चा सुपरवायझर हजर लागतो. फोनवर नव्हे, साइटवर. साइटचा सेफ्टी ऑफिसर म्हणजे तो नाही. सेफ्टी ऑफिसर परवाने, हेल्मेट, एकूण शिस्त बघतो. लटकलेल्या माणसाला स्वतः उतरून खाली आणणं हे लेव्हल 3 चं काम.

खाली आणणं म्हणजे काय, ते नीट पाहा. चक्कर आलेला किंवा डोक्याला लागलेला माणूस हार्नेसमध्ये निपचित लटकला की पायांत रक्त साचत जातं, आणि वेळ मिनिटांत मोजायची असते. अग्निशमन दलाला फोन जरूर करावा, पण त्यांच्या येण्यावर योजना बेतता येत नाही. रोप ॲक्सेसमध्ये साथीदार शेजारच्या दोरांवरून उतरतो, जखमीला स्वतःला जोडतो, त्याचं वजन आपल्या डिसेंडरवर घेतो आणि दोघे मिळून खाली येतात. हे लेव्हल 1 लाच शिकवलेलं असतं. काही ठिकाणी दोर वर गाठीने न बांधता डिसेंडरवरच लॉक करून ठेवतात, म्हणजे गच्चीवरूनच माणसाला ढील देऊन खाली सोडता येतं. झुल्यावरचा माणूस बेशुद्ध पडला तर बहुधा तीन-चार जण त्याला वर ओढू लागतात. कठड्याच्या घर्षणावरून ऐंशी किलो ओढून बघा म्हणजे कळेल. वेढे शॅकलमध्ये घेतलेले असतील तर ते त्याच्याच हाताशी असल्याने त्याला खाली सोडणंही वरच्यांना जमत नाही.

रोप ॲक्सेसचाही एक कमकुवत कोपरा आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. साठ मीटर दोर बाहेर असेल तर नुसत्या ताणानेच तो दोनेक मीटर लांबतो. जमिनीपासून पहिल्या मजल्याच्या उंचीवर काम करताना वर्किंग लाइन गेली, तर सेफ्टी लाइन पकडेलही, पण ताणली जाता जाता माणूस जमिनीला टेकेल. शेवटच्या दोन मजल्यांसाठी शिडी, परांची किंवा खालच्या मजल्यावर वेगळा अँकर घेणं शहाणपणाचं.

ही पद्धत रंगकामासाठी जन्मलेली नाही. गुहा धुंडाळणारे आणि गिर्यारोहक यांचं दोराचं तंत्र 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये उत्तर समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मवर आलं. आपल्याकडेही तिची खरी जागा मुंबई हायचे प्लॅटफॉर्म, साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या, घाटातल्या दरडींवर जाळी बसवणं अशी आहे. सह्याद्रीत रॅपलिंग केलेली पोरं या कामात चटकन रुळतात. त्यांना एकच सवय मोडावी लागते, ती म्हणजे एका दोरावर भरवसा ठेवण्याची.

उलट बाजूही आहे. दोर ही भिंतीपर्यंत जायची वाट, काम वेगळंच. लेव्हल 2 चा माणूस रंगारी असेलच असं नाही. रोप ॲक्सेसवाल्यांनी सुंदर गाठी मारून भिकार पुट्टी लावल्याची उदाहरणं कमी नाहीत. म्हणून काही ठेकेदार आपल्याच रंगाऱ्यांना लेव्हल 1 करून आणतात आणि वर एक लेव्हल 3 ठेवतात. सोसायटीसाठी हा सौदा बरा.

कमिटीने काम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी गच्चीवर जावं. दोर कशाला बांधलेत, दोन माणसांमागे चार दोर आहेत का, खाली दोरी बांधून फिरायची जागा बंद केली आहे का, आठ किलोच्या वरचं ब्रेकर वगैरे हत्यार माणसाच्या अंगावर न टांगता वेगळ्या दोरावर आहे का. मग लॉगबुक मागावं, फोटोवरून चेहरा आणि प्रमाणपत्राची तारीख ताडून बघावी. आणि सुपरवायझरला विचारावं, दोरावरचा एखादा माणूस आत्ता बेशुद्ध पडला तर? ‘काही होत नाही साहेब’ हे उत्तर आलं तर ते झुलेवाले आहेत, अंगावर हार्नेस कितीही महागाचा असो.