गोपाचल (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेर शहराच्या मध्यभागी उभी असलेली वालुकाश्माची लांबट, सपाट माथ्याची टेकडी. गोपगिरी, गोपाद्री ही तिची जुनी नावे. लांबी सुमारे ३ किमी., उंची १०० मी.च्या आसपास. माथ्यावर किल्ला, पूर्वेच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, दक्षिणेस दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून वाढलेली ‘लष्कर’ ही वस्ती.

पूर्वेकडील चढणीवर लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे एकाच खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. माथ्यावरील मानमंदिर हा राजवाडा गाठण्याच्या घाईत ते बहुधा मागे पडते. प्रतीहार राजा भोज याच्या काळी गोपगिरीचा कोटपाल (किल्लेदार) असलेल्या अल्ल याने ते कोरविले. आतील शिलालेख संवत् ९३३ चा (इ. स. ८७६). फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिल्याची आणि माळ्यांनी रोज ५० माळा पुरवाव्यात अशी नोंद त्यात आहे. २७० व ५० यांतील शून्य शेजारच्या अंकांहून लहान, वाटोळे. अंक ओळखायला आजच्या वाचकालाही फारसे अडत नाही. हे जगातील सर्वांत जुने शून्य, असे वाटाडे अजूनही सांगतात. ते मान्य करणे कठीण आहे : कंबोडियातील शके ६०५ (इ. स. ६८३) च्या लेखात शून्य टिंबाने दाखविले आहे, आणि शून्यासाठी टिंब वापरणाऱ्या बख्शाली या जुन्या गणिती हस्तलिखिताच्या काळाविषयी २०१७ च्या कार्बन-चाचणीनंतरही एकमत नाही. भारतातील निश्चित तिथी असलेल्या, निःसंशय शून्यांत मात्र याचे स्थान फार वरचे.

चतुर्भुज मंदिराच्या याच लेखात तेल्यांच्या प्रमुखांनी दिव्यांसाठी तेल नेमून दिल्याचाही उल्लेख येतो. माथ्यावरील ‘तेली का मंदिर’ या नावाचा संबंध काहींनी तेलंगणाशी जोडला आहे. लेख पाहता तेल्यांशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. मंदिराचा काळ साधारणपणे आठवे-नववे शतक. माथ्यावरीलच ‘सास-बहू’ या मंदिराचे नाव मात्र ‘सहस्रबाहू’चे लोकांनी केलेले रूप असावे, त्या मंदिरातील कच्छपघात वंशाचा राजा महीपालाचा लेख इ. स. १०९३ चा आहे.

मानसिंह तोमर (कार. १४८६–१५१६) याच्या मानमंदिरावरील निळ्या फरशांतली पिवळी बदके प्रसिद्धच आहेत. पायथ्याच्या गुजरी महालात संग्रहालय असून ग्यारसपूरची शालभंजिका ही प्राचीन स्त्रीमूर्ती तेथे आहे. उरवाई घाटातील जैन मूर्ती पंधराव्या शतकातील, सर्वांत मोठी सुमारे १७ मी. उंच. बाबराच्या हुकमाने त्यांची तोडफोड झाली. काही मुखे नंतर चुन्यात घडविली.

परिसरात तानसेन व सूफी संत मुहम्मद घौस यांच्या कबरी, तसेच शहरातील ‘फुलबाग’ या भागाजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८ नंतर इंग्रजांकडे राहिलेला किल्ला १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांकडे परत आला.