नोकरी धरली म्हणून लेखणी मोडत नाही

"नोकरीला लागलास? म्हणजे लेखन संपलं." सदाशिव पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर हे नेहमी ऐकू येतं. खरा लेखक चाकरीत अडकत नाही, ही समजूत जुनी आहे. आणि चुकीची.

व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत वर्षानुवर्षं नोकरीला होते. मर्ढेकरही आकाशवाणीतच. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. काफ्का तर प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ ते १९२२ होता.

गोंधळ होतो तो 'स्वतःचा व्यवसाय म्हणजे स्वतःचा वेळ' या हिशेबात. मी सहा वर्षं घरून भाषांतरं केली. वेळ ग्राहकाचा असतो हो! बिल पाठवा, मग दोन महिने फोन करा. हाती येतं त्यातूनही १० टक्के टीडीएस, म्हणजे ग्राहकानेच वळता केलेला कर, कापलेला. शिवाय जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे आगाऊ कराचे हप्ते. रात्री कथेची वही उघडली तरी डोक्यात थकलेली बिलंच.

आता हिंजवडीला नोकरीला जातो. वाकडच्या गर्दीत तास जातो, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण पगार ठरल्या तारखेला होतो आणि पहाटेचा दीड तास माझा असतो.

फक्त नेमणुकीचा करार नीट वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या मजकुरावर पहिला हक्क कंपनीचा. घरी लिहिलेली कथा तुमची; पण करारातलं कलम फारच ऐसपैस असेल तर सहीआधीच बदलून मागा. आणि कथा कंपनीच्या लॅपटॉपवर टाइप करू नका.