मागोमे नक्की कुणाचे? किसोच्या आठ किलोमीटर वाटेची पार्श्वभूमी

मागोमे ते त्सुमागो ही जपानमधल्या नाकासेन्दो या जुन्या राजमार्गावरची आठ किलोमीटरची वाट आता जगभरच्या पायी फिरणाऱ्यांना पाठ झाली आहे. बहुतेक जण मागोमेहून निघतात, कारण त्या बाजूने चढ कमी पडतो. बॅग माहिती केंद्रात टाकली की ती पुढच्या गावी पोचते. देवदार आणि हिनोकीच्या रानातून चालताना ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या दिसतात. अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून येणाराजाणारा त्या वाजवतो. ८०१ मीटरवर मागोमेची खिंड लागते. ती ओलांडली की उताराला एक जुने चहाघर येते. तिथे चुलाणाशेजारी बसवून फुकट चहा देतात.

खिंडीत प्रवासी फोटो काढतो आणि पुढे जातो. नागानो आणि गिफू या दोन प्रीफेक्चरांची हद्द तिथेच आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. (प्रीफेक्चरला मराठीत जिल्हा म्हणावे तर तो लहान पडतो आणि राज्य म्हणावे तर फार मोठे होते, म्हणून शब्द तसाच ठेवला आहे.) ही हद्द जुनी नाही. १३ फेब्रुवारी २००५ च्या आधी ती इथे नव्हतीच. खिंडीच्या दोन्ही अंगांची गावे तेव्हा नागानोतच होती. प्रवासाची जुनी पुस्तके मागोमेला नागानोत दाखवतात आणि नवी गिफूत, आणि दोन्ही आपापल्या काळी बरोबर आहेत.

जुना काळ थोडक्यात आटोपता येईल. किसो खोऱ्यातून रस्ता काढल्याची नोंद इ. स. ७१३ ची आहे. नवव्या शतकात हे खोरे मिनो प्रांताचे की शिनानो प्रांताचे असा तंटा झाला, तेव्हा निकाल मिनोच्या बाजूने लागला. म्हणजे आजच्या गिफूच्या बाजूने. खोरे शिनानोकडे, म्हणजे आजच्या नागानोकडे, गेले ते पुढे मध्ययुगात. एदो काळात नाकासेन्दोवर ६९ मुक्कामाची गावे होती. त्यांतली ११ किसोत, आणि त्सुमागो ४२ वे तर मागोमे ४३ वे. सरदारांचा लवाजमा उतरायचा तो होनजिन, तिथे जागा नसली की वाकी-होनजिन, आणि हमाल व घोड्यांची बदली करायची ती तोइया नावाची कचेरी, अशी प्रत्येक गावाची मांडणी होती. खोऱ्यावर सत्ता ओवारी संस्थानाची, आणि त्यांचा सगळा जीव लाकडात. हिनोकीसह पाच जातींची झाडे तोडायला बंदी होती. ‘एका झाडाला एक मुंडके’ ही तिथली म्हण त्याच काळातली.

मेइजी राजवट आली तशी मुक्कामाची पद्धत १८७० च्या आसपास मोडीत निघाली. १८७१ ते १८७६ या पाच वर्षांत किसो आणि शेजारचा हिदा प्रांत हे दोन्ही चिकुमा नावाच्या एकाच प्रीफेक्चरमध्ये होते. चिकुमा मोडले तेव्हा हिदा गिफूला गेला आणि किसो नागानोला. १९११ मध्ये किसोतून रेल्वेमार्ग पूर्ण झाला, पण रूळ नदीकाठाने गेले. त्सुमागो आणि मागोमे दोन्ही बाजूला पडली. मागोमेचे दैव तर आणखीच फिरले होते. १८९५ आणि १९१५ च्या आगींत गाव जवळजवळ सगळे जळाले. आज तिथे दिसणारी घरे त्यानंतरची. खरे जुने आहेत ते फरसबंदी चढ, आणि हल्ला आला तर थोपवता यावा म्हणून रस्त्याला मुद्दाम घातलेली काटकोनी वळणे.

मागोमेचे नाव मोठे झाले ते शिमाझाकी तोसोन या कादंबरीकारामुळे. तिथल्या होनजिनच्या घरात तो जन्मला. वडिलांच्या आयुष्यावर बेतलेल्या कादंबरीत त्याने मेइजीपूर्व किसो उभा केला. १९४७ मध्ये गावकऱ्यांनी स्वतः राबून त्याचे स्मारक बांधले. नागानोची माणसे आपल्या प्रदेशाला अजूनही शिनशू म्हणतात, आणि शिनशूच्या साहित्याचा मानबिंदू म्हणून मागोमेकडे बोट दाखवतात. पुढच्या वादाचे मूळ इथे आहे.

पण गावातल्या माणसाचा रोजचा व्यवहार शिनशूशी नव्हता. डोंगर उतरून दक्षिणेला गेले की गिफूमधले नाकात्सुगावा येते. रेल्वे, बाजार, दवाखाना, नोकरी, सगळे तिथे. नागानो शहर मात्र उत्तरेला लांब, मध्ये अख्खे खोरे.

१८७४ मध्ये मागोमे आणि शेजारचे युबुनेझावा मिळून मिसाका नावाचे एक गाव केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने लहान गावे एकत्र करायची मोहीम काढली. १९५३ मध्ये देशात ९,८६८ नगरपालिका व ग्रामसंस्था होत्या, १९६१ पर्यंत ३,४७२ उरल्या. त्या लाटेत मिसाकाने नाकात्सुगावाकडे, म्हणजे प्रीफेक्चरची हद्द ओलांडून, जायचे ठरवले. नागानोने विरोध केला, गावातही दोन तट पडले, आणि १९५८ मध्ये तोडगा निघाला तो गाव चिरण्याचा. युबुनेझावाची बाजू गिफूत गेली. मागोमे आणि त्याच्या वरच्या-खालच्या वाड्या नागानोतल्या यामागुची गावाला जोडल्या. सीमाभाग हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे दोन्हीकडची भाषा एकच होती. भांडण होते पत्त्यावर काय लिहायचे, याचे.

या चिरण्याआधीच्या वर्षी, १९५७ मध्ये, मागोमेच्या खाली शिनचाया इथे एक शिळा उभी राहिली. तिच्यावर कोरले आहे, ‘येथून उत्तरेस किसो रस्ता.’ अक्षर त्याच कादंबरीकाराचे. गावकऱ्यांच्या आग्रहावरून त्याने ते १९४० मध्ये लिहून दिले होते. पुढच्याच वर्षी हद्द बरोबर त्या टापूत, जुन्या मिनो-शिनानो सीमेवर, पक्की झाली, आणि शिळेचा अर्थ नकाशाशी जुळला. तो ४७ वर्षे जुळत राहिला.

मधल्या काळात खिंडीपलीकडे त्सुमागोत वेगळीच गोष्ट घडत होती. तरुण शहरात गेले होते, घरे रिकामी पडत होती, आणि दुरुस्तीला कुणाकडे पैसा नव्हता. जुनी घरे टिकली ती मुळात गरिबीमुळे, हे तिथले लोक आजही मोकळेपणाने सांगतात. १९६८ मध्ये, मेइजीच्या शताब्दीच्या निमित्ताने, प्रीफेक्चरच्या पैशातून पहिली ओळ दुरुस्त झाली. त्याच वर्षी गावकऱ्यांची संस्था उभी राहिली. १९७१ मध्ये तिने सनद केली, तिच्यात तीन नकार होते : विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. विजेचे खांब घरांच्या मागे नेले, पाट्या लाकडी केल्या, आणि दिवसा दहा ते चार मुख्य रस्त्यावर मोटारी बंद. शीतपेयांची यंत्रे गल्लीत ठेवायची नाहीत, असा दंडकही याच मालिकेतला. १९७५ मध्ये कायद्यात जुन्या वस्त्यांचा समूह जपायची सोय झाली आणि १९७६ मध्ये देशभरातून निवडलेल्या पहिल्या सात वस्त्यांत त्सुमागो होते, शिराकावा-गो भागातली ओगिमाची ही वस्तीही होती. त्सुमागोचे संरक्षित क्षेत्र १,२०० हेक्टरांहून मोठे आहे. घरांबरोबर मागचा डोंगरही त्यात धरला. तो डोंगर वगळला असता तर या वाटेवरून दिसणारे अर्धे चित्र केव्हाच बिघडले असते. हा निर्णय सनदीइतकाच मोलाचा, पण त्याची चर्चा कमी होते.

आता वाचक विचारेल, त्सुमागो असे जपले गेले तर मागोमे का नाही? कारण आगीनंतर तिथे जपायला जुने घर फारसे उरलेच नव्हते. मागोमेने दुकाने वाढू दिली. चढावर दोन्ही बाजूंना अक्रोड-मिसोची चटणी लावून भाजलेली गोहेई-मोची (काडीवरचा कुटलेला भात), लाकडी कंगवे आणि चेस्टनटची मिठाई. त्सुमागोची माणसे मागोमेला बाजारी म्हणतात, मागोमेची माणसे त्सुमागोला संग्रहालय. दोघांतही तथ्य आहे.

१९९९ मध्ये पुन्हा गावे एकत्र करायची मोहीम निघाली. ३,२३२ संस्थांच्या २०१० पर्यंत १,७२७ झाल्या. यामागुचीची लोकसंख्या तेव्हा जेमतेम दोन हजार. एकट्याने तग धरणे कठीण होते. किसोतल्या इतर गावांशी जोडून घ्यायचे की १९५८ मध्ये अर्धवट राहिलेले पुरे करायचे, हा प्रश्न परत उभा राहिला. २००४ मध्ये गावात मत आजमावले, बहुमत नाकात्सुगावाच्या बाजूने निघाले, पण विरोधकही थोडेथोडके नव्हते.

कायद्याने अशा बदलाला दोन्ही प्रीफेक्चरांच्या सभांची मंजुरी लागते. नागानोचा तेव्हाचा गव्हर्नर स्वतः कादंबरीकार होता, आणि त्याने ठराव सभेपुढे मांडायलाच नकार दिला. त्याचा मुद्दा असा, की मागोमे फक्त तिथल्या दोन हजार लोकांचे नाही. साऱ्या शिनशूचे आहे, तेव्हा साऱ्या प्रीफेक्चरला विचारले पाहिजे. ऐकायला हे उदात्त वाटते. पण ज्या म्हातारीला रात्री दवाखान्यात न्यायचे असते तिने साहित्याच्या मानबिंदूसाठी आणखी किती वर्षे थांबायचे, याचे उत्तर त्या भूमिकेत नव्हते. विरोधी बाजूलाही जिव्हाळा होता, हे मान्य करायला हवे. १९५८ च्या आठवणी अजून ताज्या होत्या, आणि हद्द सरकली तर गाव आपले उरणार नाही, ही भीती खोटी नव्हती. शेवटी डिसेंबर २००४ मध्ये सभेच्या सदस्यांनीच ठराव आणला आणि मंजूर केला. दोन महिन्यांत यामागुची गाव संपले. हद्द ओलांडून एक आख्खे गाव दुसऱ्या प्रीफेक्चरमध्ये जाण्याचा प्रकार देशात चार दशकांहून अधिक काळानंतर घडला होता.

यातून शब्दांचा एक गुंता झाला, तो आजही सुटलेला नाही. ‘किसो’ हे खोऱ्याचे नाव, ‘किसो-जी’ हे रस्त्याचे, ‘किसो’ नावाचा प्रशासकीय विभागही आहे, शिवाय २००५ मध्येच काही गावे जोडून किसो नावाचे एक शहरगावही झाले. मागोमे किसो-जीवर आहे, पण किसो विभागात नाही. हॉटेलवाले ‘किसो-जी मागोमे’ लिहितात, बसचा फलक नाकात्सुगावाचा, आणि नकाशा गिफूचा. २०१६ मध्ये सरकारच्या वारसा योजनेत किसो-जीला मान मिळाला, तेव्हा मंजूर झालेला अर्ज नागानोकडच्या गावांचा होता. त्याचा मथळा मात्र मागोमेच्या त्या कादंबरीकाराच्या कादंबरीच्या पहिल्या वाक्यावरून घेतलेला.

शिनचायाची शिळा आहे तिथेच आहे. बाजूला मिनो-शिनानो सीमा दाखवणारा दगडही आहे. आता तो दोन्ही अंगांनी गिफूत येतो. खरी हद्द तिथून वर, मागोमेच्या पलीकडे, खिंडीत जाऊन बसली आहे. मागोमेहून निघालेले प्रवासी हा दगड बघतच नाहीत, कारण ते उलट्या दिशेला चालतात.